लोकायुक्त कार्यालय शून्यातून उभं करायचं तर आधी काय लागेल?

विदुला_फलटण

नमस्कार मंडळी. राज्याचा नवा लोकायुक्त कायदा विधानसभेने २०२२ च्या डिसेंबरात नागपूरला मंजूर केला, विधान परिषदेने २०२३ च्या डिसेंबरात, आणि मग तो राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेला. या सगळ्या काळात जे काही बोललं गेलं ते एकाच गोष्टीवर, की मुख्यमंत्री लोकायुक्तांच्या चौकशीच्या कक्षेत आले का, आणि आले तर चौकशीआधी दोन तृतीयांश आमदारांची मंजुरी कशाला. तो प्रश्न मोठा आहेच. पण मला त्याच्या अलीकडचं विचारायचंय.

महाराष्ट्रात लोकायुक्त १९७२ पासून आहेत. ओडिशाने कायदा आपल्याआधी, १९७० ला केला पण तिथे प्रत्यक्ष संस्था सुरू व्हायला १९८३ उजाडलं, म्हणजे देशात खऱ्या अर्थाने कामाला लागलेलं पहिलं कार्यालय आपलं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी आमच्या तालुक्यात ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या जवळपास कुणालाच माहीत नव्हतं की सरकारी खात्याने अन्याय केला तर तिथे साधं पत्र लिहून दाद मागता येते, वकील लागत नाही. अण्णा हजारेंच्या उपोषणामुळे नाव सगळ्यांना माहीत, काम कुणालाच नाही.

तर प्रश्न असा. आपल्यासारख्या देशात खाती अवाढव्य, पैसा कमी, आणि निम्म्या लोकांना कागद लिहिणं म्हणजे डोंगर. अशा ठिकाणी हे कार्यालय नव्याने उभं करायचं असेल तर आधी काय द्यायचं? अधिकार, माणसं की लोकांपर्यंत पोच? माझं मत पोच. जिल्ह्याला एक खोली आणि तक्रार ऐकून लिहून घेणारा एक माणूस. तुमचं सांगा, आणि उदाहरणं द्या, नुसती मतं नकोत.

कोरडवाहू

अधिकार. नुसती शिफारस करणाऱ्याला कोण भितो? आमच्याकडे शिफारस एकच चालते, आमदारसाहेबांची.

स्वप्निल_ठाणे

ताई, मला तर हे कार्यालयच नको वाटतं. निवृत्त न्यायमूर्तींना बंगला, गाडी आणि स्टाफ. माहितीचा अधिकार आहे, लोकशाही दिन आहे, आपले सरकार पोर्टल आहे, २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे. एवढ्या खिडक्या असताना अजून एक खिडकी उघडून काय होणार?

निवृत्त_कक्ष_अधिकारी

विदुलाताई, उदाहरणं मागितलीत म्हणून लिहितो, जरा लांबेल.

माझी नोकरी मंत्रालयातल्या एका खात्यात गेली आणि लोकायुक्तांकडून आलेल्या पत्रांना उत्तर पाठवायचं काम बरीच वर्षं माझ्या कक्षाकडे होतं. त्यांचं कार्यालय समोरच, मादाम कामा रस्त्यावर नवीन प्रशासन भवनात, रस्ता ओलांडला की पोचलात.

१९७१ च्या कायद्यात तक्रारीचे दोन प्रकार आहेत. एक अभिकथन, म्हणजे पदाचा गैरवापर, लाच, स्वतःचा किंवा नातेवाइकांचा फायदा. दुसरं गाऱ्हाणं, म्हणजे कारभार नीट न केल्यामुळे झालेला अन्याय किंवा नाहक त्रास. अभिकथन घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत द्यायचं, गाऱ्हाणं आपल्याला ती गोष्ट कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. ही मुदत लक्षात ठेवा, लोक नेमके इथेच अडकतात.

वर्तमानपत्रात सगळी चर्चा अभिकथनांची. पण आमच्या टेबलावर यायची ती बहुतेक गाऱ्हाणी. निवृत्तिवेतन अडकलंय, अनुकंपा नेमणुकीची यादी सरकत नाही, भूसंपादनाचा मोबदला मिळाला नाही, बदलीनंतर सेवापुस्तक जुन्या कार्यालयातच पडून आहे. पत्र बारनिशीत, म्हणजे टपालाच्या नोंदवहीत, नोंदवून कक्षाकडे यायचं, सोबत अभिप्राय पाठवा म्हणून आदेश. आम्ही विभागीय कार्यालयाला लिहायचो, ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला. तालुक्याचं उत्तर येईना की स्मरणपत्र एक, स्मरणपत्र दोन, मग अर्धशासकीय पत्र. महिने निघून जायचे.

आणि मग सुनावणीची तारीख लागायची. कोरडवाहू, इथे तुमचा मुद्दा पुन्हा बघा. सुनावणीला तक्रारदार आणि संबंधित अधिकारी समोरासमोर. साहेबांना स्वतः जाऊन सांगावं लागणार की हे का झालं नाही. तारीख लागली की न हलणारी नस्ती, म्हणजे फाइल, हलायची, हे मी स्वतः अनेकदा पाहिलंय. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी थकबाकीचा आदेश निघालेला आहे, सहीची शाई ओली असताना मी तो घेऊन रस्ता ओलांडलेला आहे. कुणाला शिक्षा झाली नाही, कुणाचं नाव छापून आलं नाही, पण एका विधवा बाईंना पैसे मिळाले. बोलावून उभं करणं हाही अधिकारच आहे आणि तो छोट्या माणसाच्या फार कामी येतो.

उणीव कुठे होती तेही सांगतो. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, अहवाल त्याच खात्याचा. तो अहवाल मीच तयार करायचो. त्यातलं खरं खोटं जागेवर जाऊन बघेल असा माणूस त्या साखळीत कुठेच नव्हता. म्हणून माझं उत्तर माणसं. स्वतःचे तपास अधिकारी, जे उद्या परत त्याच खात्यात जाणार नाहीत.

विदुला_फलटण

@निवृत्त_कक्ष_अधिकारी, हेच हवं होतं. बारा महिन्यांची मुदत मला नव्याने कळली. गावाकडे तर पहिले बारा महिने साहेबांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यातच जातात.

वऱ्हाडी_गडी

बरोबर बोलल्या ताई. आमच्याकडे साहेब म्हणते पुढच्या आठवड्यात या, आन् तो आठवडा काही येतच नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडचा अनुभव जरूर वाचा कारण तुमचा नवा कायदा त्याच वाटेने जाऊ नये असं मनापासून वाटतं.

गोव्याचा लोकायुक्त कायदा २०११ चा. पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी २०१३ च्या मार्चमध्ये आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजीनामा देऊन गेले. त्यानंतर खुर्ची रिकामी. २०१६ ला न्यायमूर्ती प्रफुल्ल कुमार मिश्रा आले. २०२० च्या सप्टेंबरात मुदत संपवून जाताना त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आपण लोकसेवकांविरुद्ध २१ अहवाल दिले आणि सरकारने एकावरही कारवाई केली नाही, त्यापेक्षा ही संस्था बंद करून टाका. ज्याने साडेचार वर्षं ते पद सांभाळलं तो माणूस हे म्हणतो! त्यानंतर काय झालं, तर २०२१ च्या सुरुवातीला कायद्यातच दुरुस्ती करून लोकायुक्तांचे हात आणखी आखडले.

गोवा एवढासा. पणजीला पोचायला काणकोण काय नि पेडणे काय, दोन अडीच तासांत माणूस हजर. म्हणजे विदुलाताई म्हणतात ती पोच आमच्याकडे जन्मजात आहे. तरी झालं काय? अहवाल गेला तो सरकारच्या कपाटात. म्हणून कोरडवाहूंना माझं अनुमोदन, अहवाल न मानण्याची किंमत सरकारला मोजावी लागली पाहिजे.

बेळगावकर

आता आमचं ऐका. कर्नाटकात कायदा १९८४ चा, काम १९८६ पासून. सुरुवातीची वर्षं कुणाला पत्ताही नव्हता. २००१ ला न्यायमूर्ती वेंकटाचल आले आणि स्वतः सरकारी दवाखान्यांत, कार्यालयांत जाऊन उभे राहायला लागले, टीव्हीवर दिसायला लागले, आणि लोकायुक्त हा शब्द खेड्यातल्या म्हातारीच्या तोंडी बसला. आजही आमच्याकडे तहसीलदार ऑफिसात लोक सरळ म्हणतात, करता का जाऊ लोकायुक्तात?

त्यांच्यानंतर न्यायमूर्ती संतोष हेगडे. बळ्ळारीच्या खाणींवरचा त्यांचा अहवाल २०११ च्या जुलैत आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्री येडियुरप्पांना पायउतार व्हावं लागलं. एका लोकायुक्ताच्या अहवालाने मुख्यमंत्री गेला, भारतात हे झालंय.

फरक कशाने पडला? आमच्या लोकायुक्तांकडे स्वतःचे पोलीस होते. धाड टाकायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. निवृत्त साहेब म्हणतात तीच गोष्ट.

वकील_वैशाली

बेळगावकर, पुढचंही सांगा की. २०१५ मध्ये त्याच लोकायुक्त कार्यालयातून खंडणीचं प्रकरण निघालं, लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली आणि डिसेंबरात लोकायुक्तांनी राजीनामा दिला. मग सरकारला निमित्त मिळालं, २०१६ ला वेगळा लाचलुचपत प्रतिबंधक ब्युरो काढून पोलीस तिकडे वळवले. तो ब्युरो उच्च न्यायालयाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये रद्द केला आणि अधिकार पुन्हा लोकायुक्तांकडे आले. म्हणजे सहा वर्षं वाया गेली.

अधिकार दिले आणि त्या अधिकारावर नजर ठेवणारं कुणी ठेवलं नाही की असं होतं. पोलीस असलेल्या कार्यालयाची भीती चोरालाही वाटते आणि त्या भीतीचा धंदाही करता येतो.

बेळगावकर

मान्य. तरी पण मला पोलीस असलेलं कार्यालयच हवं. घसरलं तर दुरुस्त करता येतं, जे कधी चाललंच नाही ते दुरुस्त काय करणार.

वकील_वैशाली

थोडं कायद्याबद्दल, कारण वर सगळे 'शिफारस' म्हणजे काहीच नाही असं धरून चाललेत.

लोकपाल-लोकायुक्त ही संस्था जिथून आली तिथे, स्वीडनमध्ये १८०९ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९५५ पासून आहे. डेन्मार्कचा लोकपाल आदेश देत नाही, टीका करतो आणि सुचवतो. तरी खाती ऐकतात. कारण त्याच्या मागे संसद उभी असते, न ऐकणाऱ्या मंत्र्याला सभागृहात जाब द्यावा लागतो.

आपल्या १९७१ च्या कायद्यातही तो धागा आहे. शिफारशीवर काय केलं ते सक्षम प्राधिकाऱ्याने ठरलेल्या मुदतीत कळवायचं. समाधान झालं नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, आणि तो सरकारच्या खुलाशासह विधिमंडळासमोर ठेवावा लागतो. वार्षिक अहवालाचंही तसंच. कागदावर हे उत्तम आहे. आता तुमच्या आमदारांना विचारा की या अहवालांवर सभागृहात तुम्ही शेवटचं कधी बोललात. साखळीतली तुटलेली कडी तिथे आहे.

आणि दात असलेल्या कायद्याचं काय होतं तेही बघा. केरळच्या १९९९ च्या कायद्यात लोकायुक्तांनी पदावर राहायला अपात्र ठरवलं तर मंत्र्याला जावंच लागायचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये एक मंत्री, के. टी. जलील, तसे गेले. पुढच्याच वर्षी सरकारने ते कलम बोथट करायची दुरुस्ती आणली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. ज्या सरकारला चावायचं तेच सरकार दातांचा डॉक्टर असेल तर अवघड आहे.

वऱ्हाडी_गडी

दातांचा डॉक्टर हे भारी हाय वकील मॅडम 😄

जोबर्गकर

मी बरीच वर्षं दक्षिण आफ्रिकेत आहे, मूळचा सोलापूरचा. वैशालीताईंच्या शेवटच्या वाक्यावर इथलं उत्तर आहे म्हणून लिहितोय.

इथे या पदाला पब्लिक प्रोटेक्टर म्हणतात. वर्णभेद संपल्यावर जे संविधान झालं त्याच्या नवव्या प्रकरणातच हे पद आहे. म्हणजे साध्या बहुमताने कायदा बदलून त्याचे दात काढता येत नाहीत. कार्यालय १९९५ ला सुरू झालं आणि आज नऊही प्रांतांत शाखा आहेत, तक्रार फुकट.

थुली मॅडोन्सेला या पदावर असताना राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या एन्कांडला गावच्या खाजगी घरावर सरकारी पैशातून केलेल्या बांधकामाची चौकशी झाली. सुरक्षेच्या नावाखाली गुरांचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं आणि पोहण्याचा तलाव सुद्धा. तलावाला आग विझवायचं पाणी म्हणून दाखवलं होतं! २०१४ च्या मार्चमध्ये अहवाल आला, त्यात बाईंनी सांगितलं की सुरक्षेशी संबंध नसलेल्या खर्चातला वाजवी भाग झुमांनी परत करावा. झुमांनी ऐकलं नाही, संसदेतल्या त्यांच्या बहुमताने त्यांना मोकळं केलं. विरोधी पक्ष संविधान न्यायालयात गेले. ३१ मार्च २०१६ ला निकाल लागला की पब्लिक प्रोटेक्टरने सांगितलेला उपाय बंधनकारक आहे, पटत नसेल तर न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्या, पण न्यायालयात न जाता दुर्लक्ष करता येणार नाही. राष्ट्राध्यक्षाला ७८ लाख रँड भरावे लागले.

ही युक्ती मला फार आवडते. सरकारला दोनच वाटा, ऐका नाहीतर कोर्टात जा. गप्प बसणं ही तिसरी वाट बंद. मांडवीकाठ, तुमच्या २१ अहवालांना हा नियम असता तर?

पण लगेच दुसरी बाजू. त्यांच्यानंतर आलेल्या बाईंचे अहवाल न्यायालयांनी एकामागून एक रद्द केले आणि २०२३ च्या सप्टेंबरात संसदेने त्यांना पदावरून काढलं. पद तेच, अधिकार तेच, संविधान तेच.

मांडवीकाठ

@जोबर्गकर, गप्प बसायची वाट बंद, हे अगदी पटलं. आमच्याकडे सगळं दुखणं त्या गप्प बसण्यातच होतं. कुणी नाही म्हणालंच नाही, कागद पडून राहिले.

राज्यशास्त्रवाला

छान चाललाय धागा. मी हा विषय महाविद्यालयात शिकवतो त्यामुळे आपल्यासारख्या देशांची आणखी उदाहरणं देतो.

टांझानिया. आफ्रिकेतलं या प्रकारचं पहिलं कार्यालय तिथे १९६६ ला झालं, राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंच्या काळात, स्थायी चौकशी आयोग या नावाने. एकपक्षीय राजवट, अहवाल जायचा तो थेट राष्ट्राध्यक्षांकडे, म्हणजे स्वातंत्र्याच्या हिशेबाने अगदीच कमकुवत. पण त्यांनी एक गोष्ट ओळखली होती की लोकांना लिहिता येत नाही आणि राजधानीला येणं परवडत नाही. म्हणून आयोगाचे सदस्य स्वतः जिल्ह्याजिल्ह्यात फिरायचे, सभा घेऊन आयोग कशासाठी आहे ते सांगायचे आणि तोंडी तक्रारी तिथेच नोंदवून घ्यायचे. विदुलाताईंचा मुद्दा साठ वर्षांपूर्वी कुणीतरी अमलात आणलेला आहे.

पाकिस्तान. नाव घेतलं की भांडणं होतात पण अभ्यासाला हरकत नसावी. तिथे १९८३ पासून वफाकी मोहतसिब आहे, केंद्र सरकारच्या खात्यांविरुद्ध तक्रारी ऐकणारा. फी नाही, वकील नाही, आणि निकाल ६० दिवसांत द्यायचा असं कायद्यात लिहिलंय. वीज आणि गॅसच्या बिलांसारख्या अगदी रोजच्या तक्रारी तिथे जातात.

बांगलादेश. संविधान १९७२ चं, त्याच्या ७७ व्या कलमात लोकपालाची तरतूद आहे. कायदा १९८० चा. आणि त्या कलमाखाली लोकपाल नेमलाच गेला नाही. संविधानात असूनही! म्हणून जोबर्गकरांना सांगतो, संविधानात घातलं की झालं असंही नाही.

आपलं केंद्राचं आठवा. मोरारजी देसाईंच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ ला लोकपाल सुचवला, पहिलं विधेयक १९६८ चं, लोकसभेने १९६९ ला मंजूरही केलं आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बुडालं. त्यानंतर किती विधेयकं आली आणि गेली. कायदा झाला तो २०१३ चा, अमलात आला जानेवारी २०१४ मध्ये. आणि पहिले लोकपाल न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. कायदा तयार असताना पाच वर्षं खुर्चीच रिकामी. कारण दिलं काय, तर निवड समितीत विरोधी पक्षनेता लागतो आणि लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ ला सांगितलं की त्यासाठी अडून राहायची गरज नाही, तरी पुढे दोन वर्षं गेली.

म्हणून माझं उत्तर वेगळं. सगळ्यात आधी हवी ती खुर्ची रिकामी न राहण्याची सोय. जुन्याची मुदत संपायच्या आधी नवा माणूस निवडलेला असलाच पाहिजे, नसेल तर काय होईल तेही कायद्यात लिहा.

कोरडवाहू

रिकाम्या खुर्चीचा मुद्दा मनावर घेतला सर. २०१९ ला राळेगणला अण्णा ३० जानेवारीपासून बसले ते याचसाठी ना, केंद्रात नेमणूक आणि राज्यात नवा कायदा. तेव्हा राज्य सरकारने मसुदा समिती नेमायचं कबूल केलं. उपोषण संपलं फेब्रुवारीत आणि विधानसभेत विधेयक २०२२ ला.

स्वप्निल_ठाणे

मी अजून माझ्या मतावर आहे. वरची सगळी उदाहरणं वाचली तर निम्मी फसलेली आहेत. टांझानियाचा आयोग फिरला पण राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर. बांगलादेशात नेमणूकच नाही. गोव्यात अहवाल पडून. हाच पैसा तालुक्याच्या कार्यालयात दोन कारकून वाढवायला वापरला तर तक्रारच होणार नाही.

चिंगी

स्वप्निल, मी तुझ्याशी अर्धी सहमत आहे पण माझा अनुभव ऐक. माझ्या आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची थकबाकी एका बँकेने चुकीची काढली होती. शाखेत गेलं की ते म्हणणार वरून आलंय, वर फोन केला की शाखेत विचारा. शेवटी कुणीतरी सांगितलं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ही योजना १९९५ पासून आहे आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून बँका, वित्त कंपन्या, डिजिटल पेमेंट सगळ्यांसाठी एकच केलीय. आधी बँकेला लेखी तक्रार द्यायची, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे, ऑनलाइन किंवा साध्या पोस्टाने. पैसे पडत नाहीत. तक्रार नोंदवल्यावर बँकेतून स्वतःहून फोन आला, हिशेब पुन्हा झाला आणि आईच्या खात्यात रक्कम जमा झाली. प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही.

शाखेत कारकून कमी होते म्हणून ते अडलेलं नव्हतं. चूक कबूल करायची कुणाला गरज वाटत नव्हती म्हणून अडलं होतं. तुझे दोन जास्तीचे कारकून इथे काय करणार?

निवृत्त_कक्ष_अधिकारी

चिंगी, अगदी बरोबर निरीक्षण. आमच्याकडेही मनुष्यबळ कमी होतं हे खरंच, पण अडलेल्या नस्तीवर निर्णय न घेणारे साहेब मनुष्यबळामुळे थांबलेले नसायचे. सही केली तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप येईल, नाही केली तर कुणी विचारणार नाही. न करण्याला किंमत नसते. बाहेरून कुणीतरी विचारणारा आला की ती किंमत तयार होते.

स्वप्निल, माहितीच्या अधिकाराबद्दलही सांगतो. तो मोठाच कायदा आहे, आपल्या राज्याने तर केंद्राआधी २००२ लाच स्वतःचा आणला. पण त्यातून तुम्हाला कागद मिळतो, नस्तीवर काय लिहिलंय ते कळतं. त्यावर पुढे काय करा हे माहिती अधिकारी सांगत नाही. कागद हातात घेऊन माणूस जाणार कुठे? उच्च न्यायालयात? त्याचा खर्च निवृत्तिवेतनात बसतो का?

स्वप्निल_ठाणे

ठीक आहे, हे शेवटचं पटलं. पण मग बँकेच्या लोकपालासारखं एका विषयाचं करा. निवृत्तिवेतनाचा वेगळा, जमिनीच्या मोबदल्याचा वेगळा. बँका ऐकतात कारण परवाना रिझर्व्ह बँकेच्या हातात आहे.

वकील_वैशाली

विषयवार कार्यालयं आहेतच की, विमा लोकपाल, विद्युत लोकपाल, रोजगार हमीलाही जिल्ह्याला लोकपालाची सोय आहे. अडचण अशी की लोकांना कुठलं प्रकरण कुठे न्यायचं ते कळत नाही. एकच दार हवं आणि आतून वाटप त्यांनी करावं.

मात्र स्वप्निलच्या म्हणण्यात एक धरण्यासारखी गोष्ट आहे. गाऱ्हाणं आणि भ्रष्टाचार या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आपण एकाच माणसाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. भ्रष्टाचाराच्या चौकशीला पुरावा, शपथेवरचं कथन, गुप्तता, पोलीस लागतात. गाऱ्हाण्याला लागतो एक फोन, एक सुनावणी, एक तारीख. २०१३ च्या केंद्राच्या कायद्यात खोट्या तक्रारीला एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भ्रष्टाचाराच्या आरोपाला अशी काही अट समजू शकते, तरी मला ती जाचक वाटते. पण निवृत्तिवेतन मागणाऱ्या बाईला ही भाषा ऐकवली तर ती परत दारात येणार नाही. नव्या कायद्याचा सगळा भर भ्रष्टाचारावर आहे म्हणून मला गाऱ्हाण्यांची काळजी वाटते.

बेळगावकर

हे मात्र खरं. आमच्याकडे धाडी गाजल्या, पण हेगडेंच्या काळातसुद्धा साध्या माणसाची साधी कामं तिथून झाली आणि ती कुणी लिहून ठेवली नाहीत.

विदुला_फलटण

सगळ्यांचं सगळं दोनदा वाचलं. माझं पोचेबद्दलचं मत कायम आहे, पण आता मला त्याच्या आजूबाजूचं बरंच दिसतंय. आमच्या आमदारांना आणि सर्व पक्षांच्या गटनेत्यांना पत्र लिहायचं ठरवतेय. त्यात एवढंच मागावं म्हणते: गाऱ्हाण्यांसाठी वेगळा कक्ष आणि त्यात तोंडी तक्रार लिहून घ्यायची सोय, महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी, लोकायुक्तांचे स्वतःचे तपास अधिकारी, शिफारस मानायची नसेल तर सरकारने ठरलेल्या दिवसांत कारणं लिहून जाहीर करायची, आणि नवी नेमणूक जुनी मुदत संपायच्या आधी. बारा महिन्यांची मुदत वाढवून निदान तीन वर्षं करावी हेही घालते.

काही राहिलं का?

वऱ्हाडी_गडी

जिल्ह्याच्या ठिकाणी म्हणजे नक्की कुठं ते लिहा ताई. नाहीतर विदर्भासाठी नागपूर म्हणतील आन् गडचिरोलीचा माणूस बसमधेच म्हातारा होईल.

मांडवीकाठ

वार्षिक अहवालावर सभागृहात एक दिवस चर्चा, हे घाला. लोक बघतायत म्हटल्यावर खाती हलतात.

जोबर्गकर

आणि 'कारणं जाहीर करायची' इथे न थांबता 'नाहीतर तीन महिन्यांत न्यायालयात आव्हान द्यायचं' असं लिहा. नुसती कारणं काय, कुणीही छापील मजकूर चिकटवेल.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

जोबर्गकर, सरकारने आपल्याच लोकायुक्तांविरुद्ध न्यायालयात जायचं हे इथे रुजेल असं मला वाटत नाही, उलट दर शिफारशीला स्थगिती आणून बसतील. मी कारणांवरच थांबेन, फक्त त्यावर सचिवांची स्वतःची सही पाहिजे, कक्ष अधिकाऱ्याची चालणार नाही.

जोबर्गकर

स्थगिती मागायला निदान न्यायाधीशासमोर तोंड उघडावं लागतं. मी माझ्या मुद्द्यावर आहे 🙂

वकील_वैशाली

विदुला, दोन्ही पर्याय पत्रात दे, आमदारांना ठरवू दे. फक्त एक कर. यातलं जे नियमांनी होण्यासारखं आहे ते वेगळं काढ, तोंडी तक्रार, जिल्ह्यातली सुनावणी, अभिप्राय ३० दिवसांत, तालुक्याच्या कार्यालयात फलक. हे सगळं नियमांत मागितलंस तर कायद्याला हात लावायला नको आणि पुन्हा दिल्लीची वाट बघायला नको. मुदत, नेमणूक आणि न्यायालयाचं कलम मात्र दुरुस्तीशिवाय होणार नाही. मसुदा इथेच टाक, मी कलमांचे आकडे घालून देते.

विदुला_फलटण

रविवारपर्यंत टाकते. गडचिरोली नावानिशी लिहिते.